मुलाम्याची तलवार

गोष्ट १९८९ सालची. साल पक्कं आठवतं, कारण त्याच उन्हाळ्यात कारखान्यात पहिल्यांदा छताचे पंखे लागले, आणि शनिवारी दुपारी अर्धी सुट्टी झाली की पंख्याखालची जागा पकडायला आम्ही लहान मुलांसारखे धावायचो. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते.

कारखाना म्हणजे तीन खोल्या आणि कडेला मालकीणबाईंची लहानशी खोली, काम मुलामा चढवण्याचं. हॉटेलांचे ट्रे, चमचे, शर्यतींत द्यायचे कप असला माल यायचा. पुढच्या खोलीत एक वयस्क कारागीर, ज्यांना सगळे काकाच म्हणायचे, बफिंगच्या चाकावर माल घासायचे. मधल्या लांब खोलीत टाक्यांची रांग होती: तेलकटपणा धुऊन काढायला गरम कॉस्टिक, मग आम्ल, मग तांबं, मग चांदी. पोलादावर चांदी सरळ धरत नाही, मधे तांब्याचा पातळ थर लागतोच. चौथीच्या मुलाला पाढे यावेत तसं हे आमच्याकडे सगळ्यांना येत होतं. मागच्या खोलीत माझं पॅकिंगचं टेबल. तपासायचं, कागदात गुंडाळायचं, खोक्यात भरायचं. त्याच टेबलावर शनिवारी आमचा खेळ मांडला जायचा.

खेळ माझ्या धाकट्या भावाने आणला, तो तांब्या-चांदीच्या टाक्यांवर असायचा. त्याचा एक शाळासोबती बोटीवर नोकरीला होता, त्याने कुठल्याशा बंदरातून एक जाड पुस्तक आणि रंगीत फाशांची पिशवी आणून दिली. फासेसुद्धा नेहमीचे नव्हेत. एकाला वीस बाजू, हातात घेतला की बोरासारखा वाटायचा. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने जग सांगायचं, म्हणजे गुहा कशी आहे, पूल कुठे आहे, दारामागे कोण उभं आहे. बाकीच्यांनी एकेक माणूस होऊन त्या जगात शिरायचं. ‘मी दार ढकलते’ म्हटलं की ढकललं, उघडलं की नाही ते फासा सांगणार. जग सांगणारा तो गुरुजी. गुरुजी म्हणाला पूल मोडला, की पूल मोडला. त्यावर अपील नाही. भाऊ आमचा गुरुजी झाला, आणि बघता बघता कारखान्यातही त्याला सगळे गुरुजीच म्हणायला लागले, मालकीणबाईसुद्धा.

आम्हा धातूवाल्यांना पुस्तकातलं एक प्रकरण फार आवडायचं. राक्षसांच्या कातडीचं. काही राक्षसांवर साध्या पोलादाचा वार केला तर वाराचे पहिले दहा गुण कातडीच पिऊन टाकायची, त्यातून काही उरलं तर अंगाला लागायचं. पण प्रत्येकाला एक धातू सोसायचा नाही. रानातल्या भुताटकीला थंड लोखंड, म्हणजे भट्टीत न घालता नुसतं ठोकून केलेलं. चालत्या दगडी पुतळ्यांना वज्रधातू. आणि पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाला चांदी. योग्य धातूचा वार बसला की कातडीला थेंबही प्यायला मिळायचा नाही.

‘न तापवता लोखंड ठोकलं?’ काका हात झटकायचे. ‘तडकेल की रे! त्या पुस्तकवाल्याला माझ्याकडे आणा. चार दिवस चाकाला लावतो, डोकं कसं लख्ख होतं बघा.’

‘गुरुजी, वज्रधातूचा मुलामा चालतो का?’ भिंगरी विचारायची.

‘नाही. मुलामा फक्त चांदीचा. चांदी चढवलेलं हत्यार चांदीचंच धरायचं, असं स्पष्ट लिहिलंय.’

‘चला, म्हणजे त्या जगातसुद्धा आपल्याला उपाशी मरायला नको,’ काका म्हणायचे.

भिंगरी तेव्हा सव्वीसची. एका जागी उभी राहिलेली तिला कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून ते नाव. पाच वर्षं ती कॉस्टिकच्या टाकीवर होती. रबरी हातमोजे कोपरापर्यंत घालूनही तिच्या बोटांना भेगा पडायच्या, आणि रात्री ती त्यांना मेण लावून झोपायची. तिच्या हातून धुतलेल्या मालावर पाणी ओतलं की पाण्याची अखंड चादर राहायची, कुठे थेंब फुटायचे नाहीत. तेलाचा अंश जरी राहिला असला तरी पाणी तिथे फुटतं. भाऊ तिला म्हणायचा, ‘तुझा माल मी डोळे मिटून टाकीत घालतो.’ मालकीणबाईंनी तिला शब्द दिला होता की येत्या पहिल्या तारखेपासून चांदीची टाकी तिच्याकडे, आणि भाऊ सगळ्या रांगेचा फोरमन. चांदीची टाकी बाईमाणसाकडे आमच्या भागात कुठेच नव्हती. भिंगरी त्या तारखेची वाट बघत होती. तसं ती तोंडाने कधी म्हणाली नाही, पण कॅलेंडरजवळून जाताना नजर जायचीच.

खेळात ती सरदारीण होती. मी चोरटी, आणि काका एक खादाड मांत्रिक. काकांना वेगळं सोंग घ्यावंच लागलं नाही. त्या वसंतात भावाने आम्हाला डोंगरातल्या एका गावात नेलं होतं, तिथे माणूस-लांडगा माणसं उचलत होता. सरदारिणीने तलवारीवर चांदी चढवून घ्यायचं ठरवलं. भावाने सांगितलं, ‘लोहार म्हणतो, उद्या घेऊन जा.’

‘लोहाराला म्हणावं, धुणार मी,’ भिंगरी म्हणाली. ‘राखेने घासते. उकळत्या पाण्यातून काढते. पाणी ओतून बघते.’

‘अगं, खेळ आहे हा!’

‘असू दे. पाणी फुटतंय का सांगा.’

भाऊ हसून हसून लाल झाला. ‘नाही फुटत बाई, नाही फुटत.’

पुढच्याच गुरुवारी ट्रे परत आले. एका मोठ्या हॉटेलचे, चांगली चार खोकी. गरम पाण्यात धुतल्यावर चांदीचे पापुद्रे सुटले होते, उन्हाने अंग सोलवटावं तसे. मालकीणबाईंनी मधल्या खोलीत सगळ्यांना गोळा केलं. त्यांच्या नवऱ्याच्या पश्चात त्या धंदा बघत होत्या. हिशेब आणि माणसं त्यांना उत्तम कळायची, टाक्यांतलं फारसं कळायचं नाही.

‘गुरुजी, हे कशाने झालं?’

मुलामा सुटायची कारणं दोनच. धुणं कच्चं, नाहीतर टाकीवर चूक. धुणं भिंगरीचं, टाकी भावाची. खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, आणि प्रत्येक जण त्याच्याकडे बघत होता. त्याने एक ट्रे उचलला, उजेडात तिरका धरला, खाली ठेवला.

‘बघून सांगतो,’ एवढंच म्हणाला.

शनिवारी खेळ होईल असं मला वाटलं नव्हतं. पण भाऊ आला, पुस्तक उघडून बसला. भिंगरीही आली. फासा हातात आल्यावर ती जरा रंगली. लांडग्याला आम्ही एका पडक्या गिरणीत कोंडलं. काकांचा मांत्रिक पहिल्याच फटक्यात पाण्याच्या चाकाखाली जाऊन पडला (‘बरं झालं, जरा पडतो,’ काका म्हणाले), माझी चोरटी आढ्यावर अडकली, आणि समोर राहिली एकटी सरदारीण. पहिला वार बसला. दुसरा बसला. लांडगा गुडघ्यावर आला. तिसऱ्या वाराला तिचा वीसबाजूंचा फासा गरगरत जाऊन वीसवरच थांबला, आणि आम्ही तिघांनी टेबल दणाणून सोडलं.

भाऊ पुस्तकाकडे बघत नव्हता. टेबलाच्या कडेकडे बघत होता.

‘मुलामा सुटला,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘पात्यावरची चांदी सुटली. पापुद्रा. खाली पोलाद उघडं पडलं. तुझा वार कातडीने प्यायला.’

काका हसले. ‘अरे वा! आता गुरुजींनी कारखानाच आणला की गुहेत.’

‘पण पुस्तकात लिहिलंय,’ भिंगरी म्हणाली. ‘चांदी चढवली की चांदीचंच धरायचं. झिजतं बिजतं काही लिहिलं नाहीये. मी स्वतः वाचलंय.’

‘पुस्तक लिहिणाऱ्याने टाकीत कधी हात घातला नव्हता.’

‘मी धुतली होती तलवार. पाणी ओतून बघितलं होतं. तुम्हीच म्हणालात, नाही फुटत म्हणून!’

‘मग चुकलं असेल काहीतरी धुण्यात.’

काकांचं हसू जिथल्या तिथे थांबलं. भावाने लांडग्याचा फासा टाकला, आकडा बघितला आणि खालच्या आवाजात सांगितलं की सरदारीण पडली, उठणार नाही.

भिंगरीने आपले फासे एकेक करून पिशवीत टाकले. ‘गुरुजी,’ ती म्हणाली, ‘ट्रेबद्दलही तुमचं हेच म्हणणं आहे का?’

‘मी खेळाबद्दल बोलतोय.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि गेली. जाताना खुर्ची आत सरकवून गेली.

काका म्हणाले, ‘गुरुजी, पोरीला काय बोललास रे हे?’ भावाने पुस्तक मिटलं.

सोमवारी सकाळी टाक्या तापायच्या आधी भिंगरी मालकीणबाईंच्या खोलीत गेली आणि धुणं आपलंच कच्चं होतं म्हणून सांगून आली. मी तिला मोरीजवळ गाठलं. ‘तुला आठवतंय का तसं? धुताना काही राहिलं होतं का?’

‘नाही आठवत, ताई,’ ती म्हणाली. ‘मला तर सगळं नीटच होतं असं वाटतंय. पण गुरुजींना दिसलं असेल ना काहीतरी. त्यांचा डोळा चुकत नाही. तोंडावर बोलायला जड गेलं असेल, म्हणून खेळातून सांगितलं. चांगलंच केलं त्यांनी. सगळ्यांसमोर ट्रे हातात घेऊन बोलले असते तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.’

मालकीणबाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. पण चांदीच्या टाकीवर पहिल्या तारखेपासून बाहेरचा माणूस घ्यायचं त्यांनी ठरवलं.

त्या आठवड्यात भाऊ घरी ताटावर नुसता बसून उठायचा. आई विचारायची, ‘मीठ कमी आहे का रे?’ तर तो ‘नाही गं, छान आहे’ म्हणायचा आणि ताट तसंच सरकवायचा. मला वाटलं, भिंगरीचं वाईट वाटतंय. वाटत होतंच, पण सगळं मला शुक्रवारी कळलं. परत आलेले ट्रे चांदी उतरवायला पाठवायचे होते, ते मी मोजून देत होते. एक पापुद्रा माझ्या तळहातावर पडला. मी सहज उलटा केला. खालची बाजूही पांढरी. ट्रेवरची उघडी जागा करडी, नुसतं पोलाद. धुणं कच्चं असतं तर चांदी तांब्याला घेऊन सुटली असती, पापुद्र्याची पाठ लालसर दिसली असती. मी दुसरा पापुद्रा काढला, तिसरा काढला. लाली कुठेच नाही. या ट्रेंना तांबं लागलेलंच नव्हतं.

संध्याकाळी गच्चीवर तो दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. मी तळहात पुढे केला. त्याने पापुद्रा बघितला, आणि हातातली आईची साडी तशीच धरून खाली बसला.

‘तांब्याच्या टाकीला वीज पुरवणारा रेक्टिफायर जळाला होता त्या दिवशी,’ तो म्हणाला. ‘ट्रे सकाळी द्यायचे होते. एकदा चमच्यांवर सरळ चांदी मारली होती, ते टिकले होते. म्हटलं, हेही टिकतील.’

‘आणि गुरुवारी बघून सांगतो म्हणालास.’

‘फोरमनचं तोंडावर आलं होतं, ताई. एक दिवस मागून घेतला, एवढंच वाटलं.’

‘मग त्या पोरीला खेळात कशाला मारलंस?’

तो बराच वेळ साडीची घडी घालत राहिला. चुकीची घालत होता, पुन्हा उलगडत होता. ‘त्या टेबलावर मी जे म्हणतो ते होतं,’ तो म्हणाला. ‘मी म्हटलं पूल मोडला, तर मोडतो. मला वाटलं, तिथे एकदा म्हणून बघू, धुणं कच्चं होतं म्हणून. म्हटल्यावर मलाच खरं वाटेल. ती भांडेल, चिडेल, मला शिव्या देईल असं वाटलं होतं. ती जाऊन कबूल करेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.’

‘मालकीणबाईंना सांग.’

‘सांगतो. आधी उद्या खेळात सरळ करतो.’

‘खेळात काय सरळ करणार तू?’ मी म्हटलं. ‘सोमवारी दुपारपर्यंत तू नाही बोललास तर मी बोलेन. सख्खा भाऊ आहेस म्हणून थांबणार नाही.’

शनिवारी त्याने खरंच तेच केलं. भिंगरी टाकी पुसत होती, तिला काकांकरवी बोलावून घेतलं. ‘मागचा निकाल माझा चुकला होता,’ तो म्हणाला. ‘पुस्तकाप्रमाणे मुलामा सुटत नाही. तुझा वीस लागू. लांडगा मेला, सरदारीण जिवंत आहे.’

‘झकास!’ काका म्हणाले. ‘आता मलाही त्या चाकाखालून काढा, पाठ भिजली माझी.’

भिंगरी बसली नाही. हातात ओला बोळा तसाच होता. ‘असू द्या, गुरुजी. मेली ती. तुम्ही एकदा म्हणालात की झालं, असंच ना आपलं? मी आता खेळणार नाही. धुण्याकडेच लक्ष देते जरा.’

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर भावाला सोसला असता.

सोमवारी तो मालकीणबाईंकडे गेला. मी दाराशीच होते, कारण त्याने मला ये म्हटलं होतं. त्याने सगळं सांगितलं, रेक्टिफायरपासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

‘गुरुजी, तुमचा जीव मोठा आहे, ते मला माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण तिने स्वतः येऊन कबूल केलंय. तुम्ही तिला वाचवायला हे अंगावर घेताय.’

‘नाही हो बाई! खरं सांगतोय.’

‘खरं होतं तर गुरुवारी का नाही सांगितलं?’

‘तेच तर,’ तो म्हणाला. मी पापुद्रा दाखवला. त्यांना पांढरा आणि लाल यांतलं काही समजेना. म्हणाल्या, भावाची बाजू बहीण घेणारच. मी म्हटलं, बाई, मी त्याची बाजू कुठे घेतेय? त्यावर त्या गोंधळल्या.

शेवटी भावाने पोलादाच्या दोन पट्ट्या आणल्या आणि त्यांना टाक्यांपाशी नेलं. एक पट्टी भिंगरीकडून धुऊन घेतली आणि तांबं टाळून सरळ चांदीत सोडली. दुसरीवर अंगठा फिरवून तेल लावलं, न धुता तांब्यातून काढून मग चांदीत सोडली. काका चाक बंद करून आले. दोन्ही पट्ट्या वाळल्यावर त्याने शिकंज्यात धरून वाकवल्या. दोन्हींची चांदी सुटली. न धुतलेलीचे पापुद्रे लाल पाठीचे निघाले. धुतलेलीचे दोन्हीकडून पांढरे, ट्रेसारखेच.

मालकीणबाईंनी दोन्ही पट्ट्यांचे पापुद्रे आळीपाळीने उलटे-सुलटे करून बघितले. मग भावाकडे न बघता आत गेल्या. बाहेरच्या माणसाला येऊ नको म्हणून त्यांनी त्याच दुपारी निरोप पाठवला.

भिंगरी कॉस्टिकच्या टाकीशी उभी होती. पट्टी धुऊन दिली तेव्हा ती कशाला हवी हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण शिकंजा फिरेपर्यंत सगळं तिच्या लक्षात आलं होतं. भाऊ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

‘तुझं धुणं नीट होतं,’ तो म्हणाला. ‘सगळं नीट होतं. मी तांबं टाळलं होतं.’

‘कधीपासून माहीत होतं तुम्हाला?’

‘ट्रे हातात घेतला तेव्हापासून.’

‘म्हणजे शनिवारी माहीत होतं.’

‘होतं.’

तिने हातमोजे काढले. बोटं पांढरी पडली होती. ‘गुरुजी, टाकी गेली असती तरी मला चाललं असतं हो,’ ती म्हणाली. ‘आणखी पाच वर्षांनी मिळाली असती. पण आठ दिवस मी घरी ताटं घासते, पाणी ओतून बघते. आई म्हणते, काय बघतेस? मी म्हणते, काही नाही. माझ्या हातांवरचा माझा विश्वास उडवलात तुम्ही.’

‘चुकलो,’ तो म्हणाला.

‘हो,’ ती म्हणाली. मग पुढचा माल टाकीत टांगायच्या तारा बांधायला वळली.

पहिल्या तारखेला चांदीची टाकी भिंगरीला मिळाली. फोरमन त्या वर्षी कोणीच झालं नाही. कॉस्टिकवर माणूस नव्हता, तिथे भाऊ आपणहून उभा राहिला. मालकीणबाई म्हणाल्याही, अहो, हे तुमचं काम नाही. तो म्हणाला, असू द्या. दोन वर्षं तो माल धुऊन तिच्या हाती देत होता. तिने त्याची एकही वस्तू कधी परत पाठवली नाही, की चांगलं धुतलंय असंही कधी म्हटलं नाही.

काका आणखी तीन वर्षांनी काम सोडून मुलीकडे राहायला गेले. तिथे नातवंडांना बिनपुस्तकाचाच खेळ शिकवून त्यांनी सगळ्यांना मांत्रिक केलं. पुढे एके दिवशी जेवून झोपले ते उठले नाहीत, असं त्यांच्या मुलीने कळवलं. मालकीणबाईंनी १९९७ मध्ये कारखाना विकला. तिथे आता टायरचं दुकान आहे. भिंगरीने तेव्हाच दुसऱ्या गावी दोन टाक्यांचा आपला धंदा काढला. पुढे सहा टाक्या झाल्या. तिचा मुलगा आता तो चालवतो, आणि ती अजून रोज जाऊन त्याला बोलणी घालते.

भाऊ पुढे शाळेतल्या प्रयोगशाळेत लागला, उशिरा का होईना लग्नही केलं. घरी त्याला गुरुजी म्हटलेलं आवडायचं नाही, बायकोला त्याने तसं सांगूनच ठेवलं होतं. पुस्तक आणि फासे त्याने शेजारच्या मुलांना देऊन टाकले. मुलं बोलवायला यायची, काका, जरा राक्षस सांगा ना म्हणून. तो जायचा, एखादा साधा शिपाई व्हायचा, मार खायचा, हसायचा. जग सांगायला बसला नाही तो नाहीच. सहा वर्षांपूर्वी तो गेला.

मी पंचाहत्तरीची झाले. भिंगरीचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन असतो. इतक्या वर्षांत तिने त्याच्याबद्दल विचारलं नव्हतं, मीही काढलं नव्हतं. तो गेल्याचं मी कळवलं तेव्हा तिने कसं झालं ते विचारून घेतलं. मग म्हणाली, ‘ताई, ते माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत हो. तेवढं एकदाच.’

मी हूं म्हटलं. मग तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.